नफरीत नसलेला माणूस

एकाहत्तरच्या हिवाळ्यात आमची पलटण पश्चिम सीमेवर होती. समोर नहर, म्हणजे मोठा कालवा. नहराच्या पलीकडे उघडं शेत आणि शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध. बांधावर दुश्मन होता. मी लान्सनाईक होतो. प्लाटूनचा, म्हणजे पलटणीतल्या तीसेक जवानांच्या तुकडीचा, रेडिओ सेट माझ्या पाठीवर असायचा, म्हणून प्लाटून कमांडर जिथे जातील तिथे त्यांच्या मागे मी. आमचे प्लाटून कमांडर सुभेदार भवानीसिंग, राजस्थानचे राजपूत. ही हकीकत त्यांची आहे, आणि आमच्या पलटणीतल्या सोमाजी नावाच्या मोच्याची आहे.

लिहायचं कारण आधी सांगतो. पायाच्या जखमेमुळे मी फौजेतून लवकर घरी आलो. आता दिवसा एका गोदामावर चौकीदारी करतो आणि संध्याकाळी सायकलनं कॉलेजात जातो. बी. ए. चं दुसरं वर्ष आहे. वर्गातली मुलं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत आणि मला फौजी म्हणतात. वार्षिकांकासाठी हे लिही, असं इतिहासाच्या सरांनी सांगितलं. मला रिपोर्ट लिहिता येतो. रिपोर्टात कुठे, कधी, काय घडलं आणि कोण जखमी, एवढंच असतं. लेख लिहायची ही पहिली वेळ. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे चुकलं हे सांगणारं घरी कोणी नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्या दिवशी सर जुना जपान शिकवत होते. त्यांनी फळ्यावर वरून खाली चार शब्द लिहिले. सामुराई. शेतकरी. कारागीर. व्यापारी. कमरेला दोन तलवारी लावायचा हक्क फक्त सामुराईला. मोठ्या सरदाराची स्वारी रस्त्यानं निघाली की लोकांनी गुडघे टेकून कपाळ मातीला लावायचं. शेतकरी गरीब असला तरी दुसरा, कारण भात तो पिकवतो. व्यापाऱ्याजवळ पैसा असला तरी तो शेवटचा, कारण तो काही पिकवत नाही आणि काही घडवत नाही. मग सरांनी चार शब्दांच्या खाली एक आडवी रेघ ओढली. रेघेखाली लिहिलं, कातडं कमावणारे, मेलेलं उचलणारे. हे लोक मोजणीतच नव्हते, सर म्हणाले. त्यांच्या वस्तीतून रस्ता गेला तर रस्त्याचा तेवढा तुकडा अंतरात धरत नसत.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मंग तेवढ्या रस्त्यावर चालणाऱ्याचे पायही दुखत नसतील, सर." वर्ग हसला. सरही हसले.

मला हसू आलं नाही. मला वाईट वाटलं असंही म्हणता येत नाही. मी थक्क झालो होतो. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा बापानं माझं बोट धरून मला दीक्षेच्या मैदानावर नेलं होतं. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, एवढीच त्या देशाची माहिती आमच्या घरात होती. तिथे आमच्यासारखे लोक असतील, त्यांच्यासाठी अशी रेघ असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. घरी जाऊन बापाला सांगितलं. बाप मिलमधून रिटायर झालेला, सहीपुरतं लिहिणारा माणूस. त्यानं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "एवढ्या दूर समुद्रापल्याड? अन् कातड्याचंच काम?" मी हो म्हटलं. बाप म्हणाला, "मानसाचं डोकं सगळीकडं सारखंच चालते मंग."

तर वर्गात त्या मागच्या बाकावरच्या मुलानं मला विचारलं, "काय गा फौजी, तुमच्या मिलिटरीत होते का असे सामुराई?" त्याला मस्करी करायची होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक होता." सरांनी ते ऐकलं. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि कोण होता ते विचारलं. मी अर्धंच सांगितलं. बाकीचं इथे लिहितो.

पलटणीतही पायऱ्या असतात. त्या वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. गोळी सुरू झाल्यावर कोणी कुणाचं ऐकायचं हे आधी ठरलेलं लागतं. वर ऑफिसर, मग जेसीओ, म्हणजे सुभेदार आणि नायब सुभेदार, मग हवालदार, नाईक, जवान. त्यांच्या खाली अजून एक पायरी होती, ती सिव्हिलियन लोकांना ठाऊक नसते. धोबी, न्हावी, मोची, सफाईवाला. वर्दी त्यांनाही होती. लंगरचं, म्हणजे फौजी खानावळीचं, जेवण तेच होतं. पण हत्यार नव्हतं. कागदावर त्यांना नॉन-कॉम्बॅटंट म्हणत, न लढणारे. प्लाटूनमध्ये हजर असलेल्या माणसांच्या गिनतीला नफरी म्हणतात. रोज सकाळी सेटवरून कंपनीला नफरी सांगायचं काम माझं होतं. तिच्यात सोमाजी कधी आला नाही. तो कोणत्याच प्लाटूनचा नव्हता.

सोमाजी आमच्या नागपूरकडचा, पारशिवनीजवळच्या एका खेड्यातला. माझ्याहून वयानं मोठा, म्हणून मी त्याला सोमाभाऊ म्हणायचो. पलटणीत आमच्या बोलीतलं बोलणारे आम्ही दोघंच. त्याचा तंबू स्टोअरच्या मागे होता. तंबूत एक लोखंडी ऐरण, आरी, कातडं कापायची रांपी आणि बुटांचा ढीग. तो मला लान्सनाईकसाहेब म्हणून चिडवायचा. एकदा म्हणाला, "तुमी लोकं दीक्षा घेऊन सुटले गा. आमी आमच्याच जागी राह्यलो. माह्या हातातली आरी कोन घेते?" मी म्हटलं, तूही घे की दीक्षा. तो म्हणाला, "अन् तुह्या बुटाले टाच कोन मारीन? तुहा बाप?"

सुभेदारसाहेबांबद्दल लिहिताना मला आजही नीट बसून लिहावंसं वाटतं. उंच माणूस. मिशा पांढऱ्या होत आल्या होत्या. त्यांच्या घरात सात पिढ्या फौज होती, असं ते स्वतः सांगत नसत, बाकीचे सांगत. रोज संध्याकाळी ते जवानांचे पाय तपासत. आम्ही रांगेत बसायचो, बूट-मोजे काढून. ते एकेकाचा पाय हातात घेऊन बघत. फोड असेल तर स्वतः औषध लावत. माझी जात त्यांना माहीत होती. पहिल्यांदा त्यांनी माझा पाय हातात घेतला तेव्हा मी ओढून घेणार होतो. त्यांनी घट्ट धरला आणि म्हणाले, "सिपाही का पैर मेरा है, तेरा नहीं." सगळ्यांचे पाय झाल्यावर ते जेवायला जात.

असा माणूस सोमाजीच्या हाताला हात लागू देत नसे. त्याच्या तंबूसमोर एक वीट होती. साहेब आपले बूट विटेवर ठेवून जात. सोमाजी ते उचलून दुरुस्त करून परत विटेवर ठेवत असे. मग साहेब ते घेऊन जात. कोणी कुणाला कधी वाईट शब्द बोललं नाही. पलटणीत सगळ्यांना हे दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सोमाजीला मी विचारलं होतं, याचं काही वाटत नाही का. तो म्हणाला, "मी अन् साहेब नाई बोलत गा. आमची वीट बोलते. चांगली बोलते बिचारी, कधी शिवी नाई देल्ली."

मला तेव्हा हे कोडं सुटत नव्हतं. मी महाराचा पोरगा, बौद्ध झालेला, माझा पाय ते हातात घेतात. सोमाजीच्या बोटाला बोट लागलं तर त्यांना चालत नाही. हे असं कसं? फळ्यावरची रेघ पाहिली तेव्हा थोडं कळल्यासारखं वाटलं. माझ्या खांद्यावर रायफल होती. साहेबांच्या मनातली रेघ बहुतेक हत्यारावरून जात होती. हत्यार असलेला तो आपला, मग तो कुठूनही आलेला असो. सोमाजीजवळ आरी होती, आरी हत्यारात धरत नाहीत. माझा हा अंदाज आहे. चुकीचाही असेल.

एक रिवाज सांगायला पाहिजे. आमच्या पलटणीत प्लाटूनचा माणूस मैदानात पडला तर त्याला आणायची जबाबदारी प्लाटून कमांडरची. तो गेला असेल तर त्याला प्लाटूनच उचलते, आणि पहिला खांदा प्लाटून कमांडरचा. हे कोणत्या नियमाच्या पुस्तकात नाही. पण कोणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळीही साहेबांनी पाय तपासले. पहाटे आम्ही नहर पार केला. पाणी छातीपर्यंत आणि बर्फासारखं. पलीकडच्या शेतात दुश्मनानं सुरुंग पेरले होते. सॅपर्स, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या लोकांनी त्यातून एक वाट साफ करून तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी टेप लावली होती. त्या वाटेनं आम्ही गेलो आणि उजाडायच्या आत बांध घेतला. आमच्या कंपनीतले तिघं त्या शेतातच गेले.

उजाडल्यावर खरं अवघड काम सुरू झालं. बांध आमचा होता, पण पाठीमागचं शेत डावीकडच्या त्यांच्या मशीनगनला उघडं होतं आणि तोफेचे गोळे अधूनमधून येत होते. जखमींना त्याच टेपच्या वाटेनं मागे न्यायचं होतं. आमच्या बलबीर नावाच्या जवानाला मांडीत गोळी लागली होती. रक्त थांबत नव्हतं. मी सेटवर स्ट्रेचर मागितलं.

लढाईत धोबी-मोची-न्हावी स्ट्रेचर उचलतात. नहराकडून चौघं वाकून पळत आले. पहिल्या दांड्याला सोमाजी होता. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "काहून गा, बूट टिकले काय पान्यात?" मी टिकले म्हटलं. त्यांनी बलबीरला घेतलं आणि निघाले.

ते फार लांब गेले नव्हते. गोळा त्यांच्या उजव्या बाजूला पडला. धूळ बसली तेव्हा स्ट्रेचर वाटेवर आडवं दिसलं. तिघं उठले. बलबीर ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. तिघांनी स्ट्रेचर उचललं आणि ओढत-पळत नहराकडे नेलं. बलबीर वाचला. आज तो हरियाणात शेती करतो.

सोमाजी टेपच्या बाहेर फेकला गेला होता. सुरुंगाच्या शेतात. तो उताणा पडला होता आणि त्याचा एक हात हलत होता.

साहेब दुर्बिणीतून बघत होते. त्यांनी मला बोट दाखवून सेट लावायला सांगितलं. मी कंपनीला कळवलं, "एक कॅज्युअल्टी, टेप के बाहर, ज़िंदा है. ओव्हर."

तिकडून कंपनी कमांडरसाहेबांचा आवाज आला, "कौन है? ओव्हर."

"मोची सोमाजी. ओव्हर."

थोडा वेळ फक्त खरखर. मग आवाज आला, "अंधेरा होने तक कोई नहीं जाएगा. सॅपर्स तब आएँगे. समझे? ओव्हर."

कंपनी कमांडरसाहेब कठोर माणूस नव्हते. पहाटे त्याच शेतात त्यांची तीन माणसं गेली होती आणि समोरून काउंटर-अटॅक येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. प्लाटून कमांडरला शेतात पाठवणं शहाणपणाचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण अंधाराला अजून अख्खा दिवस होता, आणि सोमाजीजवळ एवढा वेळ नव्हता, हे दुर्बिणीशिवायही दिसत होतं.

साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. त्यांचा आवाज रोजच्यासारखा होता. म्हणाले, "सर, वो मेरे बलबीर को उठाने आया था. ओव्हर."

"मालूम है, साहब. लेकिन वो किसी प्लाटून की नफरी में नहीं है. आप अपने आदमी देखिए. ओव्हर."

साहेबांनी हँडसेट थोडा बाजूला धरला आणि शेताकडे पाहिलं. सोमाजीचा हात आता कमी हलत होता. बांधावर आडवे पडलेले सगळे जवान साहेबांकडे बघत होते. मला वाटलं, हँडसेट मला परत देतील आणि म्हणतील, ठीक आहे.

त्यांनी तो तोंडाजवळ घेतला.

"सर, एक अर्ज़ है. मोची सोमाजी को इसी वक़्त से मेरे प्लाटून की नफरी में लिख लीजिए. ओव्हर."

यावेळी खरखर जास्त वेळ चालली. अशी मागणी मी नोकरीत कधी ऐकली नव्हती. कंपनी कमांडरसाहेबांनीही नसेल. पण तिचा अर्थ त्यांना कळला होता. आता नाही म्हणायचं तर सेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागणार होतं की हा माणूस नफरीत घेण्याच्या लायकीचा नाही.

आवाज आला, "लिख लिया. ओव्हर."

"शुक्रिया, सर. वो मेरा आदमी है. मैं लेने जा रहा हूँ. आउट."

त्यांनी हँडसेट मला दिला, हवालदाराला कव्हरिंग फायर द्यायला सांगितलं, संगीन काढून हातात घेतली आणि बांधावरून मागे उतरले. टेपच्या वाटेनं ते पोटावर सरकत गेले. सोमाजीच्या समोर आल्यावर टेपच्या खालून बाहेर निघाले.

पुढचं मी जन्मभर विसरणार नाही. सुरुंग शोधायची पद्धत अशी असते की संगीन तिरपी धरून माती हळू टोचायची. टोक कशाला लागलं की थांबायचं. हे काम करणारा माणूस घाई करू शकत नाही. डावीकडून मशीनगन चालू होती आणि माती उडत होती. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस शेतात रोप लावावं तसा एकेक टोचा देत पुढे जात होता. दोनदा थांबला. दोन्ही वेळा त्यानं बाजूला माती उकरून खूण केली आणि वळसा घेतला. आमच्यातला एक जवान माझ्या शेजारी रामनाम घेत होता. मी काही घेत नव्हतो. मी फक्त बघत होतो. माणूस एवढा मोठा होऊ शकतो हे मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

सोमाजीनं त्यांना येताना पाहिलं. त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला, "मत आओ साब. सुरुंग है साब." साहेब माती टोचत राहिले. ते त्याच्यापाशी पोहोचले, त्याचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले, त्याला पाठीवर घेतलं आणि केलेल्या खुणांवरून तसेच सरपटत परत आले. बांधाखाली मी आणि हवालदारानं दोघांना आत ओढलं.

सोमाजीचा डावा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता आणि पोटातही लागलं होतं. नर्सिंग असिस्टंटनं पट्टी बांधली, सुई दिली, आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. सोमाजी शुद्धीवर होता. त्यानं साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ त्याच्या रक्तानं भिजली होती. मला म्हणाला, "साहेबाचा कोट नासवला गा म्या. सांग त्यायले, माफ करा म्हनावं."

साहेबांनी विचारलं, "क्या कहता है?"

मी सांगितलं.

साहेब त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले. सोमाजीचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "इसे बोल," ते म्हणाले, "अब ये मेरे प्लाटून में है. मेरे प्लाटून में जवान माफ़ी नहीं माँगता."

मी ते आमच्या बोलीत सांगितलं. सोमाजी थोडं हसला. म्हणाला, "प्लाटूनमंधी? मंग आता मलेबी संध्याकाळी पाय दाखवा लागन." मग म्हणाला, "एकच दाखवीन."

हे मी साहेबांना सांगितलं नाही.

दुपार व्हायच्या आत सोमाजी गेला. साहेबांनी त्याचा हात तोपर्यंत सोडला नव्हता. मी सेटवर कळवलं, प्लाटूनच्या नफरीत एक कमी.

दिवस मावळायला लागला तशी तोफ थांबली आणि आम्ही त्याला नहराकडे नेलं. चिता तिथे रचली होती. स्ट्रेचर उचलताना बाकीचे तीन दांडे धरायला जवान पुढे झाले. पहिल्या दांड्याला कोणी हात लावला नाही. तिथे साहेब आले. मघाचाच कोट अंगावर होता. त्यांनी वाकून दांडा खांद्यावर घेतला.

मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. सुभेदारसाहेबांनी आपल्या मनातली रेघ पुसली, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. कदाचित लढाई संपल्यावर ते पुन्हा विटेवर बूट ठेवायला लागले असते, नव्या मोच्याच्या तंबूसमोर. सरांनी मला विचारलं होतं, मग तू त्यांना सामुराई का म्हणालास? सामुराई तर त्या रेघेचे राखणदार होते. एवढंच सांगू शकतो की ते सगळं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं, खालचा कोण आणि वरचा कोण, आणि तेच सगळं वापरून त्यांनी सोमाजीला वर घेतलं. त्यांच्याजवळ दुसरी भाषा नव्हती. नफरीत लिहा, हीच त्यांची भाषा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर-अटॅक आला. आम्ही बांध सोडला नाही. सुभेदार भवानीसिंग बांधावरच गेले, छातीत गोळी लागून. मी शेजारी होतो. हवालदार आणि दोन्ही नाईक जखमी होऊन मागे गेले होते. माझ्या पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता, पण मला उभं राहता येत होतं. प्लाटूनमध्ये उरलेल्यांत मीच सीनियर होतो, म्हणून प्लाटून माझ्याकडे आली.

हॉस्पिटलातून सुटून मी नागपूरला आलो आणि चालता यायला लागल्यावर पहिल्यांदा पारशिवनीची एसटी धरली. तिथून पुढे खेड्यापर्यंत पायी. सोमाजीचा बाप अंगणात बसला होता, म्हातारा, डोळ्यांनी कमी दिसणारा. सोमाजीची बायको दारात उभी राहिली, पदर पुढे घेऊन. मी नाव सांगितलं आणि पलटण सांगितली. म्हाताऱ्यानं बसायला पोतं टाकलं.

मी तयारी करून गेलो होतो. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, वाटेत सगळं जुळवलं होतं. पण त्यानं मला सुरुवातच करू दिली नाही. पहिलाच प्रश्न विचारला, "पोरगा लढाईत गेला का, का नुसताच गेला?"

मला कळलं नाही. दारातून सोमाजीची बायको म्हणाली, "गावातले म्हनतात, मोची होता तो, बूट शिवे. तो कायचा शहीद? इकडं बाबा रोज त्याच इचारात राह्यतात."

मी म्हटलं, "बाबा, तो आमच्या प्लाटूनचा जवान होता. नफरीत त्याचं नाव होतं. जखमी मानसाले उचलून नेताना गेला."

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. मान हलवली. पण त्याला अजून काही विचारायचं होतं. हातानं जमीन चाचपत राहिला. मग म्हणाला, "अन् त्याले उचललं कोनं?"

"सुभेदारसाहेबानं. सुरुंगाच्या वावरातून पाठीवर आनलं. अन् मंग पयला खांदाबी त्यायचाच."

"कोन होते साहेब?"

"राजपूत."

दारातली बाई खाली बसली. अंगणात एक शेळी बांधली होती, ती दोरी ओढत होती.

"साहेबाले सांगजो," म्हातारा म्हणाला, "मी भेटाले येईन म्हनावं. जवा जमन तवा."

मी सांगितलं की साहेब दुसऱ्याच दिवशी गेले.

म्हाताऱ्यानं तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या पोराबद्दल ऐकताना तो रडला नव्हता. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही. मग एकदम काळजीच्या आवाजात त्यानं विचारलं, "त्यायले तरी उचललं का कोनी चांगलं? का तसेच राह्यले तेथं?"

"उचललं, बाबा," मी म्हटलं. "प्लाटूननं उचललं. पयला खांदा माहा होता."

"तुहा?"

"हो."

"कोनता खांदा?"

"उजवा."

म्हातारा उठला. अंदाजानं पुढे आला आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा तळवा जाड होता, कातड्याच्या कामानं घट्टे पडलेला. तो तसाच उभा राहिला. मी अटेन्शनमध्ये बसून राहिलो, हललो नाही.